‘एएफबी पॉझिटिव्ह’ म्हणजे टीबीच का? एचआयव्हीबाधितांच्या फुप्फुसांत टीबीचा भास निर्माण करणारे दुर्मीळ जंतू

थुंकीच्या तपासणीचा अहवाल हाती येतो आणि त्यावर ‘एएफबी पॉझिटिव्ह’ असे दोन शब्द असतात. रुग्णाला एचआयव्हीची बाधा आहे, तीन-चार आठवड्यांपासून ताप आणि खोकला आहे, वजन उतरले आहे, रात्री अंग घामाने भिजते, आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसते आहे. एवढे सगळे जुळून आल्यावर क्षयरोगाखेरीज दुसरे काही मनात येणे कठीण असते, आणि बहुतेक वेळा ते निदान बरोबरही असते, कारण जगभरात एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागे टीबी हेच सर्वांत मोठे कारण आहे. तरीही त्या दोन शब्दांचा अर्थ ‘टीबी आहे’ असा होत नाही. एएफबी म्हणजे ‘ॲसिड-फास्ट बॅसिलाय’. त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की थुंकीत असे जंतू दिसले ज्यांना एकदा चढलेला रंग आम्लाने धुऊनही निघाला नाही. हे जंतू कोणते, याचे उत्तर त्या अहवालात नसते. अहवालात नसलेले हे उत्तर कसे शोधायचे, हा या लेखाचा विषय आहे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी पाउल एर्लिख यांच्या लक्षात आले, की या जंतूला रंग चढायला वेळ लागतो, पण एकदा चढलेला रंग आम्लानेही सुटत नाही. पुढे त्सील आणि नील्सन यांनी या पद्धतीत सुधारणा केल्या आणि आज सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू पाहण्यासाठी जी पद्धत वापरतात, तिला त्या दोघांचेच नाव मिळाले. या पद्धतीत काचपट्टीवर पसरलेल्या थुंकीवर लाल रंग ओतून ती तापवतात, मग साधारण २० ते २५ टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लाने ती धुतात, आणि शेवटी निळा रंग देतात. आम्लाने ज्यांचा लाल रंग निघून गेला ते सारे निळे दिसतात आणि ज्यांनी तो धरून ठेवला ते लाल काड्यांसारखे उठून दिसतात.

रंग धरून ठेवण्याचे हे सामर्थ्य जंतूच्या पेशीभित्तिकेतल्या मायकोलिक आम्लांतून येते. ही लांबच लांब कर्बसाखळ्या असलेली मेणचट द्रव्ये आहेत. टीबीच्या जंतूत आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांत या साखळ्या साधारण ६० ते ९० कर्ब-अणूंच्या असतात. नोकार्डिया नावाच्या जंतूत त्या सुमारे ४० ते ६० अणूंच्या असतात, आणि रोडोकॉकस नावाच्या जंतूत त्याहूनही आखूड, साधारण ३० ते ५४ अणूंच्या. साखळी जितकी लांब तितकी रंगाची पकड घट्ट, असे ढोबळमानाने म्हणता येते. म्हणूनच रंग धरण्याचा हा गुण ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा दोनच खान्यांत बसत नाही. त्याचा एक चढता क्रम आहे, आणि टीबीचा जंतू त्या क्रमाच्या वरच्या टोकाला एकटा बसलेला नाही. मला वाटते, ही एक गोष्ट नीट ध्यानात आली की पुढचा सगळा गोंधळ समजायला सोपा जातो.

टीबीसारखे दिसणारे जंतू कोणते

या जंतूंपैकी काही टीबीच्या जंतूचे थेट नातलग आहेत. त्यांना टीबीव्यतिरिक्त मायकोबॅक्टेरिया असे म्हणतात आणि व्यवहारात एनटीएम हे संक्षिप्त नाव रूढ आहे. ते माती आणि पाणी यांत राहतात, नळाच्या पाण्यातही सापडतात, आणि नेहमीच्या रंगपद्धतीत टीबीच्या जंतूइतकेच पक्के लाल दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली केवळ डोळ्यांनी पाहून या दोहोंत भेद करता येतो असा भरवसा कुणी धरू नये. एचआयव्हीबाधितांमध्ये यांपैकी दोन महत्त्वाचे आहेत. पहिला मायकोबॅक्टेरियम एव्हियम आणि त्याचा गट. सीडी४ या, एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे ५० च्या खाली गेली की हा गट बहुधा केवळ फुप्फुसात न थांबता रक्तातून सर्वांगभर पसरतो आणि त्यातून ताप, खंगत जाणे, रक्तक्षय, जुलाब, यकृत व प्लीहा वाढणे अशी लक्षणे दिसतात. दुसरा मायकोबॅक्टेरियम कान्सासी. तो फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी करतो, आणि लक्षणे व एक्स-रे पाहून तो टीबीपासून वेगळा ओळखणे जवळजवळ अशक्य असते.

नोकार्डियाची गोष्ट जरा जुनी आहे. फ्रेंच पशुवैद्य एडमंड नोकार यांनी १८८८ मध्ये ग्वाडलूप बेटावरच्या गुरांच्या एका आजारातून हा जंतू वेगळा केला आणि पुढे त्यांच्याच नावावरून त्याचे नामकरण झाले. तो मातीत आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहतो आणि धुळीसोबत श्वासातून आत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली तो बारीक, फांद्या फुटलेल्या तंतूंसारखा दिसतो. ग्रॅमच्या रंगात, म्हणजे जंतू पाहण्याच्या दुसऱ्या एका नेहमीच्या रंगपद्धतीत, हे तंतू मण्यांची माळ ओवल्यासारखे तुटक-तुटक रंगतात. निष्णात तंत्रज्ञाला हे चित्र एकदा दिसले की तो ते विसरत नाही. मात्र टीबीसाठीच्या कडक आम्लात नोकार्डियाचा रंग बऱ्याचदा निघून जातो. कधी तो अर्धवट राहतो, आणि तंतूंचे तुकडे झालेले असले तर तेच तुकडे टीबीच्या काड्या म्हणून मोजले जातात. म्हणून नोकार्डियाचा संशय असेल तर केवळ १ टक्का तीव्रतेचे सौम्य आम्ल वापरून वेगळी काचपट्टी रंगवावी लागते. कडक आम्लात निळा किंवा फिकट आणि सौम्य आम्लात लाल, असा जोड निकाल आला की संशयाला भक्कम आधार मिळतो. फांद्या फुटलेले तंतू ॲक्टिनोमायसिस या जंतूतही दिसतात, पण तो सौम्य आम्लातही रंग धरत नाही आणि प्राणवायूच्या अभावातच चांगला वाढतो. त्यामुळे त्याला या रांगेतून लवकर बाजूला काढता येते.

नोकार्डियाबद्दल आणखी एक गोष्ट निदानाच्या टप्प्यावरच कळायला हवी. फुप्फुसातून मेंदूकडे जाण्याची त्याला विशेष ओढ असते, आणि मेंदूतले गळू सुरुवातीला काहीही त्रास न देता वाढत राहू शकते. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात नोकार्डिया सापडला तर डोके दुखत नसले, झटके येत नसले, तरी मेंदूचे एमआरआय किंवा सीटी स्कॅन करून घ्यावे. औषधे कोणती द्यायची आणि किती काळ द्यायची, हे त्यावर ठरते.

यांतला सर्वांत फसवा जंतू, माझ्या मते, रोडोकॉकस इक्वाय. स्वीडनमध्ये १९२३ साली न्यूमोनियाने आजारी असलेल्या शिंगरांमध्ये तो प्रथम सापडला. माणसातला पहिला रुग्ण १९६७ मध्ये नोंदला गेला. त्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू होती. एचआयव्हीबाधितांमधल्या नोंदी १९८६ पासून येऊ लागल्या. हा जंतू घोड्यांच्या लिदीत आणि त्या लिदीने दूषित झालेल्या मातीत मुबलक असतो, पण अनेक रुग्णांचा घोड्यांशी काहीही संबंध आलेला नसतो. म्हणून घोड्यांबद्दल विचारावे जरूर, पण उत्तर ‘नाही’ आले म्हणून हा जंतू यादीतून वगळू नये. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळून मारणाऱ्या पेशींच्या आत तो जिवंत राहतो. टीबीचा जंतूही हेच करतो. कदाचित म्हणूनच या दोन्ही आजारांची चाल इतकी सारखी असते: आठवड्यांमागून आठवडे रेंगाळणारा ताप, खोकला, कधी थुंकीतून रक्त, आणि एक्स-रेमध्ये बहुधा वरच्या भागात, हळूहळू पोकळीत रूपांतर होणारा पांढुरका पट्टा. पोकळीत पू साठून हवा आणि द्रव यांची आडवी रेषा दिसू लागली तर ती रोडोकॉकसच्या बाजूने जाणारी खूण आहे, कारण टीबीच्या पोकळीत अशी रेषा तुलनेने कमी आढळते.

पोकळी आणि सीडी४ यांचा मेळ

पोकळीच्या बाबतीत एक सूक्ष्म मुद्दा आहे आणि तो पुष्कळदा निसटतो. टीबीमध्ये फुप्फुसात पोकळी पडते ती केवळ जंतूमुळे नव्हे. ती पडायला शरीराच्या प्रतिकारशक्तीचा जोरदार प्रतिसादही लागतो. ज्याची प्रतिकारशक्ती बऱ्यापैकी शाबूत आहे, अशा माणसात टीबी वरच्या भागात पोकळी करतो. सीडी४ पेशी अगदी कमी झालेल्या रुग्णात त्याचे रूप बदलते: पोकळी सहसा पडत नाही, आजार फुप्फुसाच्या खालच्या भागांतही दिसतो, छातीतल्या लसिका ग्रंथी सुजतात, बारीक बाजरीच्या दाण्यांसारखे ठिपके सर्वत्र पसरतात, आणि कधी एक्स-रे चक्क स्वच्छ असतो.

आता याच्या उलट बाजूने पाहू. सीडी४ पेशींची संख्या १०० च्या खाली आहे आणि तरीही फुप्फुसात मोठी, जाड भिंतीची पोकळी आहे, तर ‘पोकळी आहे म्हणून टीबी’ हे नेहमीचे अनुमान तिथे दुबळे ठरते आणि नोकार्डिया, रोडोकॉकस यांच्याकडे पाहण्याची वेळ आलेली असते. टीबी तिथे असूच शकत नाही असा याचा अर्थ नाही. पण सीडी४ चा आकडा आणि एक्स-रे हे दोन कागद एकाच वेळी समोर ठेवून वाचले, तर ते वेगवेगळे वाचताना न दिसणारी विसंगती दिसते. सीडी४ च्या आकड्याशिवाय वाचलेला एक्स-रे एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत अपुरा समजावा, असे माझे ठाम मत आहे.

यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये जीनएक्स्पर्ट या चाचणीची शिफारस केली आणि टीबीच्या निदानाचा वेग बदलून गेला. थुंकीचा नमुना काडतुसासारख्या डबीत भरून यंत्रात ठेवला की टीबीच्या जंतूच्या जनुकाचा विशिष्ट तुकडा त्यात आहे का, आणि रिफाम्पिसिन या औषधाला तो जंतू दाद देईल का, हे सुमारे दोन तासांत कळते. हे यंत्र केवळ टीबीचा जंतू आणि त्याचे अगदी सख्खे भाऊ ओळखते. एनटीएम, नोकार्डिया, रोडोकॉकस यांपैकी कुणालाही ते ओळखत नाही, आणि म्हणूनच सूक्ष्मदर्शकाचा अहवाल व यंत्राचा अहवाल यांची सांगड घालणे फार बोलके ठरते.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. जीनएक्स्पर्टला सुमारे १३० पुरतात, आणि २०१७ पासून वापरात आलेल्या तिच्या अल्ट्रा या सुधारित रूपाला तर सुमारे १६. म्हणजे यंत्राची नजर डोळ्यांपेक्षा कितीतरी पट तीक्ष्ण आहे. आता समजा, काचपट्टीवर लाल काड्या भरपूर दिसल्या आणि यंत्राने मात्र ‘टीबीचा जंतू नाही’ असे सांगितले. जे जंतू डोळ्यांना दिसावेत इतक्या संख्येने आहेत, ते टीबीचे असते तर यंत्राच्या नजरेतून सुटायला नको होते. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल किंवा नमुन्यातल्या एखाद्या घटकाने चाचणी अडवली असेल, म्हणून ताज्या नमुन्यावर दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात. दुसऱ्यांदाही हेच आले तर ते लाल जंतू टीबीचे नाहीत असे मानून पुढचा शोध सुरू करावा. दुर्दैवाने, पुष्कळदा याच टप्प्यावर पॉझिटिव्ह काचपट्टी खरी मानली जाते, यंत्राचा निकाल चुकला असे धरले जाते आणि टीबीची औषधे सुरू होतात.

दोन्ही अहवाल निगेटिव्ह असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण एचआयव्हीबाधितांच्या थुंकीत टीबीचे जंतू मुळात कमी असतात, आणि नोकार्डिया व रोडोकॉकस कडक आम्लाच्या काचपट्टीवर दिसतीलच असे नाही. यंत्र पॉझिटिव्ह आले तर टीबी आहे असेच धरून चालावे. अपवाद एवढाच, की रुग्णाने नजीकच्या काळात टीबीचे उपचार घेतलेले असतील तर मेलेल्या जंतूंचे उरलेसुरले जनुकीय अवशेषही यंत्राला सापडू शकतात. आणि खरोखर टीबी असला, तरी त्याच फुप्फुसात दुसरा जंतू नांदत नसेलच असे नाही.

गंभीर आजारी एचआयव्हीबाधितांमध्ये लघवीतून केली जाणारी लॅम चाचणी फार उपयोगी आहे, कारण थुंकी देता न येणाऱ्या रुग्णाचेही निदान तिच्यामुळे तासाभरात होऊ शकते. पण ती टीबीच्या जंतूच्या भित्तिकेतल्या लॅम नावाच्या ज्या द्रव्याचा शोध घेते, तशाच घडणीची द्रव्ये इतर मायकोबॅक्टेरियांच्या भित्तिकेतही असतात. त्यामुळे सर्वांगभर पसरलेल्या एनटीएम संसर्गातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. कातडीवरची ट्यूबरक्युलिन चाचणी या वादात काहीच मदत करत नाही. ती सक्रिय आजार आणि सुप्त संसर्ग यांत भेद करत नाही, आणि सीडी४ कमी असताना खोटी निगेटिव्ह येते.

कल्चरमध्ये जंतू हरवतो कसा

जंतूचे नाव पक्के करायचे तर तो प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. यालाच कल्चर म्हणतात. वाढवून पाहिला म्हणजे सगळे कळेल, अशी आपली समजूत असते. पण इथे एक विचित्र अडचण आहे, आणि ती पद्धतीच्याच पोटात दडलेली आहे. टीबीचा जंतू सावकाश वाढतो; त्याला दोन ते आठ आठवडे लागतात. थुंकीत तोंडातले इतर असंख्य जंतू असतात आणि ते एका रात्रीत सगळे भांडे व्यापून टाकतील, म्हणून टीबीच्या कल्चरसाठी आलेल्या थुंकीवर आधी सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून ते जंतू मारून टाकतात. टीबीचा जंतू आपल्या मेणचट कवचामुळे या प्रक्रियेतून वाचतो. नोकार्डिया आणि रोडोकॉकस यांचे कवच तितके दणकट नसते, त्यामुळे त्यांतले पुष्कळ जंतू इथेच मरतात. म्हणजे टीबी शोधण्याची उत्तम पद्धत हीच या दोघांना हरवून टाकणारी पद्धत ठरते. यावर उपाय साधा आहे: त्याच थुंकीचा एक भाग ही प्रक्रिया न करता नेहमीच्या जंतूंच्या कल्चरसाठीही पाठवायचा.

मात्र तिथेही वेगळा धोका असतो. नेहमीच्या थुंकीच्या कल्चरच्या बश्या बहुतेक प्रयोगशाळांत ४८ तासांनी टाकून देतात, कारण न्यूमोनियाचे नेहमीचे जंतू तोवर वाढून झालेले असतात. नोकार्डियाच्या वसाहती दिसायला कधी दोन-चार दिवस, तर कधी दोन आठवडे लागतात. त्या खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, पांढऱ्या, बशीला घट्ट चिकटलेल्या असतात आणि त्यांना ओल्या मातीसारखा वास येतो. टीबीसदृश आजाराच्या बशीचा मुद्दाम वास घेणे सुरक्षित नाही. हा वास बशी उघडताच आपोआप जाणवतो, म्हणून जुन्या वर्णनांत तो नोंदलेला आहे. रोडोकॉकस दोन दिवसांत वाढतो खरा, पण त्याची ती ओळखीची सॅल्मन माशासारखी गुलाबी छटा यायला चार-पाच दिवस जावे लागतात. त्याआधी त्या वसाहती फिकट, ओलसर, निरुपद्रवी दिसतात, आणि ग्रॅमच्या रंगात हा जंतू आखूड काडी आणि गोल मणी यांच्यामधल्या आकाराचा, अगदी घशात नेहमी सापडणाऱ्या डिप्थेरॉइड नावाच्या सहचर जंतूंसारखा दिसतो. अशा वेळी अहवालात ‘घशातील सामान्य जंतू’ एवढेच लिहिले जाते आणि ज्याचा शोध चालला होता तोच जंतू डोळ्यांदेखत निसटतो.

रोडोकॉकसच्या बाबतीत रक्ताचे कल्चर ही मोठी आशा असते. एचआयव्हीबाधित रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात तो सापडतो, आणि रक्त मुळात निर्जंतुक असल्यामुळे तिथे सहचर जंतूंची गर्दी नसते. पण रक्तातही डिप्थेरॉइडसारखा जंतू वाढला की तो कातडीवरून आलेला असावा असे समजून सोडून देण्याची सवय असते. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या फुप्फुसात पोकळी आहे आणि रक्ताच्या दोन बाटल्यांत ‘डिप्थेरॉइड’ वाढले आहेत, असे असेल तर त्या जंतूचे पूर्ण नाव कळेपर्यंत तो बाजूला सारू नये. एव्हियम गटासाठी रक्ताचे वेगळे, मायकोबॅक्टेरियांसाठीचे कल्चर मागवावे लागते. नेहमीच्या बाटलीत आणि नेहमीच्या मुदतीत तो सापडेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

टीबीच्या बाटलीत काही वाढले, तरी ते टीबीच असेल असे नाही. एमपीटी ६४ नावाच्या प्रथिनाची पट्टी-चाचणी पंधरा मिनिटांत सांगते, की वाढलेला जंतू टीबीच्या गटातला आहे की नाही. नसेल तर जंतूची नेमकी जात जनुकीय पट्टी-चाचणी, माल्डी-टॉफ हे प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणारे यंत्र, किंवा १६एस या जनुकाचे वाचन यांतून कळते. एनटीएमची जात कळल्यावरही एक प्रश्न उरतो, कारण हे जंतू पाण्यातून थुंकीत सहज येऊ शकतात. म्हणून एकाच थुंकीत एकदा सापडलेला एनटीएम हा आजाराचा पुरावा मानत नाहीत. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या किमान दोन थुंक्यांत तो सापडावा, किंवा दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात एकदा तरी सापडावा, आणि त्याला लक्षणांची व एक्स-रे किंवा सीटी स्कॅनची साथ असावी, असा रूढ निकष आहे. रक्तात किंवा हाडांच्या मगजात सापडला तर मात्र एकदा सापडणेही पुरेसे असते. नोकार्डिया आणि रोडोकॉकस यांच्या बाबतीत हे वेगळे आहे. आजारी एचआयव्हीबाधिताच्या थुंकीत ते एकदा सापडले तरी सहसा दुर्लक्ष करता येत नाही.

थुंकीतून काहीच हाती लागले नाही तर दुर्बिणीने आतला नमुना घ्यावा, किंवा सुईने अथवा बायोप्सीने ऊतीचा तुकडा काढावा. रोडोकॉकसच्या जागी कधी मॅलॅकोप्लाकिया नावाचे विशेष चित्र दिसते: मॅक्रोफेज पेशींचे थर आणि त्यांच्या पोटात चुन्याचे, वर्तुळात वर्तुळ असलेले गोल कण. असे चित्र फुप्फुसाच्या तुकड्यात दिसले तर रोडोकॉकसचा विचार सर्वांत आधी करावा.

औषधाने थोडे बरे वाटले, म्हणून निदान बरोबर?

निदान चुकूनही ते चुकल्याचे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही, याचे कारण रिफाम्पिसिनमध्ये आहे. टीबीच्या उपचारातले हे मुख्य औषध रोडोकॉकसवरही काम करते. त्यामुळे टीबी समजून औषधे दिलेल्या रोडोकॉकसच्या रुग्णाचा ताप उतरतो, भूक लागते, वजन किलोभर वाढते. घरचे आणि डॉक्टर दोघेही निश्चिंत होतात. पण हे एकच औषध त्या जंतूला पुरे पडत नाही. तो त्याला दाद देईनासा होतो, आजार उलटतो, आणि मग ‘औषधांना न जुमानणारा टीबी’ असा शिक्का बसतो. महिनोन्‌महिने चालणारी, नसा आणि यकृत यांना त्रास देऊ शकणारी दुसऱ्या फळीची औषधे अशा रुग्णाच्या वाट्याला विनाकारण येतात. एनटीएमच्या रुग्णांचेही असेच होते, कारण काचपट्टी पॉझिटिव्हच राहते आणि ‘औषधे घेऊनही जंतू जात नाहीत’ याचा दोष अनेकदा रुग्णाच्या औषधे चुकवण्यावर ढकलला जातो. हे फार अन्यायाचे आहे. कान्सासीला मात्र टीबीची बरीचशी औषधे लागू पडतात, फक्त पायराझिनामाइड पडत नाही. त्यामुळे तिथे रुग्ण बरा होऊन जातो आणि खरे निदान कधी कुणाला कळतच नाही.

उलट दिशेनेही फसगत होते. साध्या न्यूमोनियासाठी दिलेले लेव्होफ्लॉक्सॅसिन टीबीच्या जंतूला काही काळ दाबून ठेवते. त्यामुळे रुग्ण सुधारला म्हणून टीबी नव्हता असे ठरते, आणि खरे निदान काही आठवडे लांबते. एकटे ॲझिथ्रोमायसिन वारंवार दिले तर एव्हियम गटातला जंतू त्याला जुमानेनासा होतो, आणि त्या जंतूविरुद्धचे मुख्य शस्त्रच हातचे जाते. म्हणून रुग्णाची प्रकृती तासा-तासाला खालावत नसेल, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी थुंकी आणि रक्ताचे नमुने घेऊन ठेवावेत. नोकार्डियावरचे मुख्य औषध कोट्रायमोक्साझोल. सीडी४ कमी असलेल्या एचआयव्हीबाधितांना ते प्रतिबंधासाठी कमी मात्रेत दिलेच जाते. पण त्या मात्रेने नोकार्डिया होणारच नाही अशी खात्री मिळत नाही, आणि ‘रुग्ण कोट्रायमोक्साझोल घेतो आहे’ हे नोकार्डिया नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

एचआयव्हीवरची औषधे नव्याने सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप वाढणे, गाठी सुजणे, एक्स-रे बिघडणे असेही घडते. प्रतिकारशक्ती परत येऊ लागली की आतापर्यंत गप्प असलेल्या जंतूंविरुद्ध ती एकदम उसळते. टीबीत हे होते, तसेच एव्हियम गटातही होते. अशा वेळी तीन शक्यता एकमेकींत गुंतलेल्या असतात: निदान बरोबर आहे आणि प्रतिकारशक्तीची ही उसळी आहे, निदान बरोबर आहे पण जंतू औषधाला दाद देत नाही, किंवा निदानच चुकले आहे. ताजा नमुना घेऊन पुन्हा कल्चर केल्याशिवाय यांतली कोणती खरी, हे नुसत्या अंदाजाने ठरवणे योग्य नाही.

तपासणीच्या चिठ्ठीवर काय लिहावे

या सगळ्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे नमुन्यासोबत जाणारी चिठ्ठी. ‘थुंकी, एएफबीसाठी’ एवढेच लिहिले तर प्रयोगशाळा तेवढेच पाहील, आणि त्यात तिचा दोष नाही. त्याऐवजी रुग्णाला एचआयव्ही आहे, सीडी४ इतका आहे, फुप्फुसात पोकळी आहे, जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आहे, नोकार्डिया आणि रोडोकॉकस यांचा संशय आहे, असे लिहिले की प्रयोगशाळेतल्या कामाची दिशाच बदलते. मग सौम्य आम्लाची काचपट्टी रंगवली जाते, ग्रॅमच्या रंगात फांद्या शोधल्या जातात, सोडियम हायड्रॉक्साइड न लावलेला भाग वेगळा वाढवला जातो, बशी ४८ तासांनी टाकून न देता दोन-तीन आठवडे ठेवली जाते, आणि ‘डिप्थेरॉइड’ दिसले तर ते फेकण्याआधी कुणीतरी फोन करतो.

रुग्णाने किंवा नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्नही यातूनच निघतात. काचपट्टी पॉझिटिव्ह आली तेव्हा जीनएक्स्पर्ट केली होती का आणि ती काय म्हणाली? जंतू वाढवून त्याचे नाव कळले का? औषधे सुरू होऊन दोन महिने झाले आणि थुंकीत जंतू अजून दिसताहेत, तर ते टीबीचेच आहेत याची खातरजमा झाली का? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. मात्र उत्तरे येईपर्यंत टीबीची सुरू असलेली औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत, कारण अशा आजारांत टीबीची शक्यता बाकी सगळ्यांपेक्षा मोठी असते, आणि प्रगत एचआयव्हीत उपचाराविना राहिलेला टीबी काही आठवड्यांत जीव घेऊ शकतो.

योग्य नाव कळल्यावर उपचार पुष्कळ वेगळे होतात. रोडोकॉकसला एकाच वेळी किमान दोन औषधे लागतात, आणि त्यांतले निदान एक पेशींच्या आत शिरणारे असावे लागते. नोकार्डियाचे उपचार सहा महिने ते वर्षभर चालतात आणि मेंदूत गळू असेल तर किमान एक वर्ष. एव्हियम गटाला ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन आणि त्यासोबत इथॅम्ब्युटॉल, असे किमान बारा महिने, शिवाय सीडी४ पुरेसा वाढेपर्यंत. एचआयव्हीची औषधे या सर्वांत चालू ठेवावी लागतात, कारण प्रतिकारशक्ती सावरल्याशिवाय यांतला कोणताही जंतू कायमचा जात नाही. रिफाम्पिसिन वगळता आले तर या औषधांची मात्रा ठरवणेही सोपे होते. रिफाम्पिसिन सोबत असताना डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाची गोळी दिवसातून एकदा न देता दोनदा द्यावी लागते.

आणि घरच्यांसाठीही काही बदलते. टीबी हवेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून रुग्णाला वेगळे ठेवतात, मास्क लावायला सांगतात, घरातल्या मुलांची तपासणी करतात. नोकार्डिया, रोडोकॉकस आणि एचआयव्हीबाधितांना होणारे एनटीएमचे संसर्ग हे जवळजवळ नेहमी माती, धूळ आणि पाणी यांतून आलेले असतात आणि सोबत राहणाऱ्यांना रुग्णापासून त्यांचा धोका सहसा नसतो. टीबी नाही हे खात्रीने ठरले, की त्या माणसाची खोली वेगळी ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि ही गोष्ट डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट शब्दांत, रुग्णाच्या देखत सांगावी.